गोल फिरतंय तोवर

तुमच्या घरातल्या शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा. अंगठ्यानं उघडतं, टक् वाजतं आणि मिटतं, ते. ते झाकण कुणीतरी आधी कॉम्प्युटरवर काढलेलं असतं, मग त्याचा पोलादी साचा बनतो आणि त्यातून लाखो झाकणं पडतात. ते काढणारी माझी वहिनी असू शकते. आमच्या दादाला विचारलंत तर तो म्हणेल, "तिचं काहीतरी चाललेलं असतं कॉम्प्युटरवर." हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि आज मी ती गिळणार नाहीये.

लग्नाआधी वहिनी साचे बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला होती. तिथले फिटर तिला 'मायक्रॉन' म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसताना एवढीशी जरी फट राहिली तरी ही बाई फिटरच्या डोक्यावर जाऊन उभी राहायची आणि काम परत करून घ्यायची. एक नंबरची भांडकुदळ, अशी तिची ख्याती होती म्हणे. मी ऐकून चाटच पडले. आमच्या घरात तिला कधी कुणी आवाज चढवताना पाहिलेलं नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. "थोडे दिवस" म्हणून वहिनीनं नोकरी सोडली. आई गेली, पण ते थोडे दिवस काही संपले नाहीत. कारखान्याचे मालक मात्र शहाणे. त्यांनी तिला घरून काम दिलं आणि तिचं जुनं वर्कस्टेशनही पाठवून दिलं. कॉम्प्युटर कसला, काळं धूड, उचलायला दोन माणसं लागली. हॉलमध्ये बाबांचा टीव्ही, बेडरूममध्ये दादाची झोप, मुलांच्या खोलीत मुलांचा पसारा. शेवटी ते पॅसेजमध्ये, कपड्यांच्या मशीनशेजारी बसवलं. मशीन कपडे पिळायला लागलं की हिचं टेबल थरथरतं. बोलली का कधी? छे!

आता त्या निळ्या गोलाचं सांगते. झाकणाची एखादी कड जराशी सरकवली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं, म्हणजे बिजागरी, आटे, साच्याच्या आतल्या पिना, कॉम्प्युटरला नव्यानं मांडावं लागतं. जुनं यंत्र, त्याला वेळ लागतो. तोवर पडद्यावर निळा गोल फिरत राहतो. गोल दिसला की वहिनी उठते. गोल फिरतोय तोवर भाताचं भांडं चढतं. पुढचा गोल, कपडे दोरीवर. पुढचा गोल, बाबांची गोळी आणि चहा. थोरल्याचा शर्ट इस्त्री होतो, धाकटीची वेणी होते, आणि ही परत खुर्चीत. मी जवळच राहते, येता-जाता डोकावते. कधी म्हटलं, "वहिनी, जरा बस की," तर म्हणायची, "अगं, गोल फिरतंय तोवर उरकते."

घरच्यांना वाटायचं, घर आपोआप चालतं.

मध्यंतरी मालकांनी मोठं काम आणलं. औषधाच्या बाटलीचं झाकण. लहान मुलाला उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्या माणसाला उघडता यावं, असं. वहिनी नुसती हरखून गेली होती. चहाचा कप हातात धरून स्वतःशीच अंगठा फिरवत बसायची. पण अट होती. ग्राहक व्हिडिओवर समोर बसणार आणि ते सांगतील तसा बदल तिथल्या तिथे करून दाखवायचा. मालकांनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, त्या लोकांसमोर तुमचा गोल फिरत बसला तर हे काम मला दुसरीकडे द्यावं लागेल. आणि एकदा गेलं की पुढचंही तिकडेच जाईल."

नवं यंत्र घ्यावं तर तिचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं, यंत्र तेच ठेवायचं, आतला प्रोसेसर तेवढा बदलायचा. बोर्ड जुना, त्यामुळे त्यात बसतील असे प्रोसेसर मोजकेच. वाचून, विचारून तिनं दोनांवर आणलं. एक चार कोअरचा, पण पळणारा. दुसरा दहा कोअरचा, पण सावकाश चालणारा. जेवताना तिनं सगळ्यांना नीट समजावलं.

"कोअर म्हणजे आतली डोकी समजा. काम वाटता येत असेल तर जास्त डोकी बरी. पण माझं काम वाटता येत नाही. आधी कड, मग बिजागरी, मग पिना, एकापाठोपाठ एक. तिथे एकच डोकं राबतं, बाकीची बसून राहतात. म्हणून मला चारवाला हवाय. ते एक डोकं चपळ पाहिजे."

ती बोलत असताना बाबा बातम्या बघत होते, थोरला मोबाइलमध्ये, धाकटी ताटातले मटार वेचत होती. ताटं कुणी उचलली हे तुम्हाला सांगायला नकोच.

आणि दादा! दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना छाती फुगवून दहावाला घेऊन आला.

"अहो, मी चारवाला सांगितला होता," वहिनी म्हणाली.

"अगं, दहा म्हणजे दहा! चारापेक्षा दहा कमी असतात का कधी? दुकानदार पण म्हणाला, हाच वरचा माल. तुझ्या भल्यासाठीच आणला ना?"

भल्यासाठी! सांगून ऐकायचं नाही, ऐकलेलं करायचं नाही, आणि वर भल्यासाठी!

तिनं तो बसवला. मीटिंगला मी मुद्दाम गेले होते, कुणी मधे येऊ नये म्हणून पॅसेजच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. ग्राहक म्हणाले, ही कड अर्धा मिलिमीटर आत घ्या. वहिनीनं घेतली. गोल फिरायला लागला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. वहिनी सवयीनं खुर्चीतून अर्धी उठली, आणि समोर माणसं आहेत हे ध्यानात येऊन परत बसली. तिचे कान लालबुंद झाले होते. मला रडूच आलं. शेवटी मालक म्हणाले, "उद्या दुपारी परत बसू. एकदाच."

संध्याकाळी वहिनीनं दादाला सांगितलं तर म्हणतो कसा, "सेटिंग चुकलं असेल तुझं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर," एवढंच बोलली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, बदलून कशाला नेताय? साहेबांनी खास मागून नेलाय. तुम्ही फोनवर सांगितलेला दाखवला होता मी, तर म्हणाले, मिसेसना काय कळतंय त्यातलं."

मी वहिनीकडे बघितलं. आणि अहो, त्या दिवशी मी मायक्रॉनला पहिल्यांदा पाहिलं.

"मिसेस मीच," ती म्हणाली. "बोर्ड माझा, काम माझं, आणि कळतंय पण मलाच. चारवाला काढा. त्याच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, ते आधी भिंगातून दाखवा. आणि प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची नवी ट्यूब द्या, ती उघडी नको."

दुकानदार निमूट भिंग शोधायला लागला.

दुपारी ग्राहक म्हणाले, कड आत घ्या. घेतली. बिजागरी जाड करा. केली. गोल यायचा आणि दिसेपर्यंत जायचा. ते लोक सुचवत गेले, ती करत गेली, मधेच "हे नको, ह्यानं म्हाताऱ्यांच्या बोटांना लागेल" म्हणून वादही घातला आणि जिंकली. काम तिला मिळालं. मी स्टुलावर बसूनच टाळ्या वाजवल्या.

मीटिंग संपली तरी ती उठली नाही. का उठेल? गोलच फिरत नव्हता. संध्याकाळ झाली. दोरीवरचे कपडे दोरीवर, गॅस गार. बाबा दोनदा खाकरले, चहा आला नाही. धाकटी फ्रीज उघडून उभी राहिली. थोरल्यानं आपल्या आईला शर्टाचं विचारलं, तिला ऐकूच आलं नाही. दादा आला, स्वयंपाकघरात डोकावला, आणि चौघंही पॅसेजमध्ये गोळा झाले.

"काय हे? अजून काहीच नाही?" दादा म्हणाला. "या नव्या प्रोसेसरनं घराची पार वाट लावली. जुनाच बरा होता, निदान वेळेवर जेवायला तरी मिळायचं."

वहिनीनं खुर्ची वळवली. आवाज चढला नव्हता तिचा.

"अहो, माझं काम वाटता येत नाही, हे मी सांगितलं होतं. स्वयंपाक वाटता येतो. चार डोकी आहात."

आणि खुर्ची परत पडद्याकडे.

दादानं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ए, तांदळाचा डबा कुठे असतो गं?"

स्वतःच्या घरातला डबा, आणि विचारतोय मला!