वाघजाईला न मारलेली हाक

ही गोष्ट म्या बायकोलासुदिक सांगितली न्हाई. बसल्या बैठकीला चार-पाच तास कथा सांगणारा माणूस मी. भोर-वेल्ह्यात माझ्या तोंडाला तोड न्हाई म्हणतात — आन् खरंच न्हाई! — पण हितं आलं की जीभ अडखळती. हसू नका.

माझा मामा गोंधळी. संबळ, कथा, सगळं त्यानंच शिकवलं. कथेआधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला बोलवायचं, ही आमची रीत. "कथा चुकली तर सावरता येती, हाक चुकू नगं," मामा म्हणायचा. किती साधं सांगणं! मग मी —? थांबा, सांगतो.

माझा एकट्याचा पहिला गोंधळ भोरात, एका कारकुनाच्या लेकीच्या लग्नाचा. त्यांची विधवा बहीण, तुळसाआत्या, तिथंच राहायच्या. त्यांच्या सासरचं गाव भाटघरच्या धरणात गेलेलं, गावची वाघजाई पाण्याखाली. आत्याबाई मला म्हणाल्या, "बाबा, आमच्या वाघजाईला तेवढी हाक मार." व्हय म्हणालो. मागनं कारकून आले — "बुडालेल्या गावची देवी मंगलकार्यात नको." त्यांनाबी व्हय म्हणालो! पुढची बोलावणी हवी व्हती ना मला.

वाघजाई सोडून सगळे देव बोलावले. कथा तर अशी रंगली, माणूस जागचा हलला न्हाई.

सकाळी आत्याबाईंनी विचारलं, "हाक मारलीस न्हवं? मला कशी आली न्हाई ऐकू?"

खरं सांगायला माझं काय जात व्हतं? "मारली की," म्हणालो, "तुमालाच आली नसंल ऐकू."

बाईंचा चेहरा उतरला. देवीला पाण्यात सोडून आलो म्हणून ती रुसली, आपलं नावसुदिक कानावर येऊ देईना — असं त्यांनी मनाशी धरलं. ते नाव गोंधळात ऐकू येईस्तवर गोड सोडलं. दोन वरसं सणालाबी पोळीला शिवल्या न्हाईत. भोरात माझं जाणं-येणं व्हतं, मला ठावं व्हतं सगळं. एका शब्दाचं काम व्हतं. काढला का तोंडातनं? न्हाई.

मग नसरापुराकडं, धरणानं उठलेल्या त्यांच्या सासरच्या माणसांत गोंधळ मिळाला. आडवं येणारं कुणी नव्हतं. धाडस न्हाई म्हणायचं त्याला — पण वाघजाईला हाक मारली, चांगली खणखणीत.

गोंधळाला आलेल्या आत्याबाई बायकांतनं उठल्या. "आली! आली गं ऐकू!" म्हणत ढसाढसा रडल्या. गूळ मागवला, आन् सोताच्या तोंडात घालायच्या आधी पहिला खडा माझ्यापुढं धरला. "तुज्या तोंडून मला माफी मिळाली रं लेकरा," म्हणाल्या, आन् माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

म्या ठेवू दिलं. मग गूळ खाल्ला.