स्पार्टा सरांचे अथेन्स

"अथेन्स चांगले की स्पार्टा?" या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी उभ्या नोकरीत कधी दिले नाही. विचारणाऱ्याकडे ते चष्म्यावरून पाहत, खडू खाली ठेवत आणि थकल्या आवाजात उलट विचारत, "कोणासाठी?" गाइडमधून पाठ केलेले 'अथेन्समध्ये लोकशाही होती, म्हणून अथेन्स श्रेष्ठ' हे वाक्य उत्तरपत्रिकेत आले की ते निम्मे गुण कापत आणि समासात लिहीत : 'कोणासाठी, ते लिहिले नाही.' पालक भांडायला येत. सर त्यांनाही हेच समजावून सांगत आणि पालक अधिकच चिडत.

मुलांनी त्यांचे नाव 'स्पार्टा सर' ठेवले होते. अंगकाठी वाळलेली, चहात साखर नाही, उन्हाळ्यातही डोक्यावर पंखा नको, अशा माणसाला दुसरे कोणते नाव मिळणार? मी त्याच शाळेत गणित शिकवत असे, आणि पुढे आम्ही एकाच वसाहतीत प्लॉट घेतले, म्हणून ते मला शाळेत आणि घराशेजारी असे दोन्हीकडे दिसले. नावाचा त्यांना राग नव्हता. "चुकीचं आहे, पण बदलायचं तर सभा घ्यावी लागेल," ते म्हणत, "आणि आज तेवढा जीव नाही माझ्यात."

ग्रीसचा धडा आला की ते नववीच्या वर्गाला एक आठवडा अथेन्स करत आणि पुढचा आठवडा स्पार्टा. अथेन्सच्या आठवड्यात सगळे मतदानाने ठरे : खिडकी उघडायची का, आधी कोणी वाचायचे, गृहपाठ किती. मत खापरावर द्यायचे. फुटक्या माठांचे तुकडे सर पिशवीतून आणत. त्यांवर कोळशाने खूण करून ते टोपलीत टाकायचे, म्हणजे कोणाचे मत कुठे गेले हे कोणाला कळत नसे. गोंगाट असा होई, की भिंतीपलीकडे माझी समीकरणे मलाच ऐकू येत नसत. स्पार्टाच्या आठवड्यात मात्र शांतता. वर्गाला दोन राजे आणि त्या राजांवर नजर ठेवणारे पाच निरीक्षक. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एका वर्तमानपत्रावर उपडे करून एकत्र जेवायचे. तिथल्या सैनिकांचा तो प्रसिद्ध काळा रस्सा कसा लागत असेल, असे एकाने विचारले, तेव्हा सर म्हणाले, "तुझ्या आईच्या येसराच्या आमटीतून चव काढून टाक. उरेल ते."

दोन्ही आठवड्यांत काही मुलांना मत नसे. अथेन्समध्ये ती परकी किंवा गुलाम ठरत, स्पार्टात दुसऱ्यांची शेते कसणारी हेलट ठरत. फळा पुसणे आणि माठ भरणे त्यांच्याकडे. दिवस संपताना सर नेमके त्यांनाच उभे करून विचारत, "तुमचं काय म्हणणं?" वर्ग हसे : "सर, त्यांना मतच नाही ना!" सर हसत नसत.

शेवटी कोणते राज्य ठेवायचे यावर सगळ्या वर्गाचे मतदान होई आणि दरवर्षी स्पार्टा जिंके. धडे वेळेवर संपत, खेळायला मिळे. मुलींची मते तर ठरलेली. स्पार्टात त्यांना मैदानावर धावता येई, आणि अथेन्समध्ये सरांनी त्यांना 'घरात', म्हणजे मागच्या बाकांवर, बसवून ठेवलेले असे. निकालानंतर सर शिक्षकांच्या खोलीत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकत.

"बाई, पुन्हा स्पार्टा. पोरांचं बरोबर आहे. अथेन्स माणसाला दमवतं."

"मग एवढा खटाटोप कशाला करता?"

"दमायची सवय लागावी म्हणून."

त्या काळात वाळूजच्या कारखान्यांमागोमाग शहर पश्चिमेकडे सरकत होते. जिथे ज्वारी डोलायची तिथे चुन्याच्या रेघा पडल्या. आमची वसाहत साळुंक्यांच्या रानावर उभी राहिली आणि साळुंकेच तिचे अध्यक्ष झाले. माणूस दांडगा आणि दिलदार. नियमावली लिहायचे काम ओघाने सरांकडे आले. पहिल्या कलमात त्यांनी लिहिले : सभासद म्हणजे प्लॉटधारक. त्या वेळी प्लॉटधारकांखेरीज तिथे होतेच कोण? पुढे प्रत्येकाने गच्चीवर आणि मागच्या अंगाला खोल्या काढल्या, आणि जालना, बीडकडची कुटुंबे कारखान्यांच्या पाळ्या धरून त्या खोल्यांत राहायला आली.

मग पाऊस रुसला. एक वर्ष नव्हे, लागोपाठ. जायकवाडी धरणाचा तळ दिसू लागल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत. आमच्या कोपऱ्यावर जलकुंभ बांधून तयार होता, पण त्याला जोडायची वाहिनी अजून पोचली नव्हती. सगळी भिस्त टँकरवर. सर वसाहतीचे सचिव होते. टँकर आला की ते शिट्टी घेऊन उन्हात उभे राहत आणि मालक असो वा भाडेकरू, प्रत्येक चुलीला सारखे ड्रम भरून देत.

टँकरच्या फेऱ्या कमी झाल्या, तेव्हा जलकुंभाच्या सावलीत सभा भरली. साळुंके उभे राहिले. "सर, तुमचं लई बरोबर हाय. पण आधी आमचं भरू द्या, उरलं तर भाडेकरूला. आम्ही इथं जमीन घेतलीय. त्यांनी काय घेतलंय?"

माझ्या घरामागच्या खोलीत राहणारी कांताबाई कडेला उभी होती. नवरा रात्रपाळीला, पदरी दोन लेकरे. ती म्हणाली, "आमी पाणी पीत नाय का, सायेब?"

"कांताबाई, सभा सभासदांची हाय."

"मग तहान बी सभासदांनाच लागती व्हय?"

काही जण हसले. सरांनी साळुंक्यांना नियम दाखवावा म्हणून नियमावली उघडली आणि पहिल्याच कलमाशी थांबले. ते कलम त्यांनी मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "साळुंके बरोबर आहेत. यांना मत नाही." हात वर झाले, ठराव मंजूर झाला. परत येताना ते एवढेच बोलले, "बाई, ज्या चुकीचे आयुष्यभर गुण कापले, तीच मी इथं लिहून ठेवली."

पुढच्या टँकरला मागच्या खोल्यांचे ड्रम कोरडे राहिले. टँकरचा चालक शहरातल्या शहागंजचा, सरांना मानणारा. तो हळूच म्हणाला, "मास्टरसाब, आप बोले तो पाइप उधर डाल देतूँ. कौन देखताय?" सरांनी नकारार्थी मान हलवली. ठराव झाला होता आणि तो त्यांच्या मते चुकीचा होता. पण तो मोडायचा अधिकार एका माणसाला, मग तो माणूस आपण का असेना, द्यायला ते तयार नव्हते. कांताबाई कडाडली. "तुमी नुसतं शिकवायचंच मास्तर!" आम्ही काही जणांनी आपल्या ड्रमातले पाणी मागच्या खोल्यांना दिले. ते देताना घेणाऱ्यापेक्षा सरच जास्त संकोचत.

मग भर उन्हात ते दारोदार हिंडू लागले. 'वसाहतीत राहतो तो सभासद' एवढीच दुरुस्ती त्यांना हवी होती. ते जिन्यांवर बसून दम खात, पुन्हा उठत. लोक घरात हो म्हणत, आणि बाहेर साळुंक्यांपुढे हात वर करायची हिंमत होणार नाही, असेही सांगत. तेव्हा सरांनी खापरावर मतदान मागितले. साळुंक्यांनाही त्यात गंमत वाटली. सरांचे जुने विद्यार्थी आता वसाहतीत संसार थाटून होते. त्यांतला एक कोळसा हातात घेऊन म्हणाला, "सर, पुन्हा नववी काय?" टोपली उपडी केली आणि मी मोजणी केली. दुरुस्ती थोडक्या मतांनी मंजूर झाली.

लगेच पुढच्या सभेत सचिवाची निवड होती, आणि आता भाडेकरूंनाही मत होते. साळुंक्यांनी अध्यक्षपदाबरोबर सचिवपदासाठीही स्वतःचे नाव पुढे केले. टँकरवाल्यांत आपले पाहुणे आहेत, रोज टँकर आणतो, असे त्यांनी सांगितले. सर म्हणाले, "मी टँकर आणू शकत नाही. आलेला सारखा वाटू शकतो." सर पडले, आणि वाईट पडले. मागच्या खोल्यांची मतेही त्यांना मिळाली नव्हती.

मी सरांच्या घरी होते, तेव्हा कांताबाई स्वतः सांगायला आली. "सर, म्या तुमाला खापर नाय टाकलं."

"सांगायचं नसतं, कांताबाई. गुप्त असतं ते."

"चोरून कशाला ठिवू? साळुंके सायबाची वळख हाय. रोज पाणी यील."

"आणि वाटप?"

"वाटपाचं आमी बघतो की. आता आमाला सभेत बोलता येतंय."

ती गेल्यावर सर पायरीवर बसले. "बरोबर मत दिलं तिनं," ते म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मला वाईट वाटतंय, ती वेगळी गोष्ट आहे."

टँकर रोज नाही, पण एक दिवसाआड येऊ लागला, आणि पाइप मागच्या खोल्यांकडे वळला नाही तर कांताबाईचा आवाज जलकुंभापर्यंत पोचे. सर प्रत्येक सभेला येत, सगळ्यांच्या मागे बसत, विचारल्याशिवाय बोलत नसत. पुढे पाऊस झाला, वाहिनी आली, पुढच्या घरांना नळ मिळाले. सर निवृत्त झाले. त्यांचा थकवा, जो आम्हाला स्वभाव वाटत होता, तो हृदयाचा आजार होता असे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितले. एका हिवाळ्यात ते गेले.

शोकसभा त्याच जागी भरली. साळुंके सरांविषयी मनापासून बोलले. वसाहतीच्या मुख्य रस्त्याला सरांचे नाव द्यावे आणि तोंडाशी कमान उभारावी, असा ठराव त्यांनी मांडला. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात कांताबाई उठली.

"कमान नको. मागच्या खोल्यास्नी अजून नळ नाय. आधी ते करा."

"अहो बाई, माणूस गेलाय. निदान आज तरी..."

"आजच सभा हाय, सायेब. उद्या कोन बसतंय?"

मृत माणसाच्या सन्मानाविरुद्ध हात कोण वर करणार, असे वाटून साळुंक्यांनी मतदान पुकारले आणि विरोधातले हात आधी विचारले. कांताबाईचा हात आधी वर गेला, मग मागच्या खोल्यांचे, मग माझा, मग 'पुन्हा नववी' म्हणणाऱ्या त्या जुन्या विद्यार्थ्याचा. हात मोजताना साळुंक्यांनी एकदा डोळे पुसले. मग त्यांनी ठराव नामंजूर झाल्याचे जाहीर केले आणि खाली बसले.

पुढचा उन्हाळा लागण्याआधी मागच्या खोल्यांना नळ आले. रस्त्याला अजून नाव नाही.