पत्र्याची खोली

घर विकायचं ठरलं ते एसटीत, लातूरहून परत येताना. आमच्या ह्यांना तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागायचं. सकाळी सहाची गाडी धरायची, दवाखान्यात चार तास पडून राहायचं आणि दिवस मावळायच्या आत लोहाऱ्याला घरी यायचं, असं पावणेदोन वर्षं चाललं होतं. त्या दिवशी औसा सोडल्यावर ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाले, "आता हे बसणं होईना माझ्यानं." हा तक्रार करणारा माणूस नव्हे. तहसील कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. तिथं तक्रारी घ्यायची सवय लागते, करायची नाही. डॉक्टरांनी तर सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यापासून आठवड्याला तीनदा यावं लागेल. तीनदा हा प्रवास त्यांना झेपणार नव्हता, ते कळायला डॉक्टर कशाला लागतो.

लातूरला दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही बघून ठेवल्या होत्या. त्यांचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. इथलं घर विकल्याशिवाय त्या घेता येत नव्हत्या, आणि भाड्यानं राहायचं नाव काढलं की हे म्हणायचे, "आयुष्यभर कुणाच्या घरात भाड्यानं राहिलो नाही, आता जाता जाता राहू का?" या 'जाता जाता' शब्दांचा मला राग यायचा. म्हणून मग भाड्याचा विषय मी सोडून दिला.

आमचं घर भूकंपानंतर बांधलेलं. पुढच्या तीन खोल्यांवर स्लॅब आहे आणि मागच्या, झोपायच्या खोलीवर पत्रा. बाहेरच्या माणसाला वाटतं, ऐनवेळी पैसे संपले असणार. तसं नव्हतं. आमच्या तालुक्यात दगडामातीची माळवदं एका पहाटे झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर डोक्यावर जड काही नको म्हणणारी माणसं गावोगाव तयार झाली, आमचे हे त्यांतलेच. घर बांधताना इंजिनिअरनं त्यांना तासभर समजावलं की नीट बांधलेल्या स्लॅबला काही होत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पत्रे आणले. ती खोली उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ताशा. मी इतकी वर्षं त्या पत्र्याच्या नावानं बोटं मोडत आले आणि झोपतही तिथंच आले.

विकायचं म्हटल्यावर पहिली चूक मीच केली. दूधवाल्याला सांगितलं की दिवाळीच्या आत व्हायला पाहिजे. दूधवाला घरोघर फिरतो हे मी विसरले. आठ दिवसांत गावाला कळलं की बाईंना घाई आहे, आणि मग जो येईल तो भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करायला लागला. एकानं तर घर न बघताच, गाडीवरून पाय खाली न टेकवता, अर्धी किंमत सांगितली. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग स्टँडजवळचा एक प्लॉटचा एजंट गाठला. माणूस बोलायला गोड, पानानं ओठ लाल. त्यानं घरभर फिरून बघितलं, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि ओट्यावर बसून मला माझ्या चुका सांगितल्या. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, त्यामुळं गप्प ऐकणं मला जड गेलं. पण तो बरंचसं बरोबर बोलत होता. भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढा. अंगणातले पाण्याचे ड्रम हलवा, ड्रम दिसले की माणूस आधी नळाची चौकशी करतो. तुमचे फेटे बांधलेले सत्काराचे फोटो काढा, गिऱ्हाइकाला स्वतःचं घर बघायचंय, तुमचं नाही.

"आन् हा पत्रा झाका," तो म्हणाला. "आजकालच्या पोरांना पत्रा दिसला की गोठा वाटतोय. मागनं कोण बगत न्हाय, प्लॅस्टिकचं सिलिंग मारून घ्या खालून. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यानंतर तो थोडा घुटमळला. हे आत झोपले होते. आवाज खाली आणून तो म्हणाला, "सायबांचं बी बगा जरा. राग मानू नका. आजारी माणूस दिसला की लोक म्हणत्यात, घर लाभत न्हाय. एकदा का ही बोंब उठली की मग फुकट दिलं तरी कोण घेत न्हाय."

हे खरं आहे. आमच्याकडं घर घेणारा माणूस कागद नंतर बघतो. आधी शेजारीपाजारी विचारून येतो की घर लाभलं का, कुणी आजारी पडलं का, पोरं मार्गाला लागली का. मी शाळेत भानामतीवर धडा घेतलेला आहे. ग्रहणात पोरांना डबे खायला लावलेत, आणि त्यांच्या आया भांडायला आल्या तेव्हा त्यांनाही बसवून समजावलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी किती वेळा फळ्यावर लिहिली असेल. तरी एजंटाला मी एवढंच विचारलं, "मग ह्यांना कुठं बसवू?"

उमरग्याहून माणसं आली आणि दोन दिवसांत त्यांनी पत्र्याखाली पांढरं, चकचकीत सिलिंग बसवलं. मधोमध सोनेरी नक्षी. खोली लग्नाच्या हॉलमधल्या वधूपक्षाच्या खोलीसारखी दिसायला लागली. ह्यांनी रात्री आडवं पडून वर बघितलं आणि म्हणाले, "आता जेवायला कधी वाढणार?" मी हसले. खूप दिवसांनी हसले.

गिऱ्हाइकाचा फोन आला की आमची कवायत सुरू व्हायची. औषधांचा डबा, बीपीचं मशीन, पट्ट्या, सगळं कपाटात. पाणी मोजून प्यायचा त्यांचा छोटा पेला मोरीत. डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे, तिथं हात फुगीर दिसतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. मग हे वर्तमानपत्र घेऊन स्टँडवर जायचे आणि फलाटावरच्या बाकावर बसायचे. मी त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं. "तुम्ही भाव करताना पडतं घेता, म्हणून तुम्ही नकोच," असं म्हणाले होते. ते "बरं" म्हणाले. शर्टाच्या बाह्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. 

पाच-सहा जण येऊन गेले. सगळ्यांनी सिलिंगची तारीफ केली आणि सगळे "कळवतो" म्हणाले. एका रविवारी अकराला येणारी माणसं दोनला आली. हे तीन तास त्या बाकावर होते. घरी आले तेव्हा पाय सुजून चप्पल निघत नव्हती. मी खाली बसून ती काढली. पाय दाबताना बोट रुतत होतं. दसरा होऊन गेला होता, लातूरच्या मालकाचा फोन येऊन गेला होता, आणि मला सगळ्या गावाचा राग येत होता.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. तालुक्यातलेच शेतकरी, साठीच्या आसपासचे. नातवंडांच्या शाळेसाठी त्यांना लोहाऱ्यात घर हवं होतं. एजंट त्या दिवशी बाहेरगावी होता, त्यामुळं घर मीच दाखवलं. गृहस्थानं स्वयंपाकघर बघितलं, बोअर चालू करून पाणी हातात घेतलं, चव बघितली. त्याची बायको मागं मागं होती. नऊवारी, डोक्यावर पदर. झोपायच्या खोलीत आल्यावर तिनं वर बघितलं आणि दारातच थांबली.

"वर काय हाय?" तिनं विचारलं.

"स्लॅब आहे, एकदम पक्का," मी म्हणाले. खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाई वळली आणि सरळ बाहेर जाऊन फाटकापाशी उभी राहिली. गृहस्थानं ओट्यावर येऊन हात जोडले. "घर चांगलं हाय बाई. पर आमचं न्हाय जमायचं."

"का? भावाचं बोलू की आपण."

"भावाचं न्हाय." तो बायकोकडं बघत हळू बोलला. "आमचं माळवद पडलं तवा ही तीन घंटे त्याच्याखाली व्हती. कुशीत लेक व्हती आमची. ही निघाली, ती न्हाय. तवापासनं ही पत्र्याबिगर कशाखालीच झोपत न्हाय. पावण्याच्या घरी गेलो तरी अंगणात झोपती, थंडीवाऱ्याची. सहा महिनं झालं, पत्र्याची एक तरी खोली असंल असं घर बगतोय. आता सगळीकडं स्लॅबच."

मी आत वळले. मग मोरीतून झाडू आणला. "या जरा आत," म्हणाले, आणि झाडूच्या दांड्यानं कोपऱ्यातली सिलिंगची एक पट्टी वर ढकलली. ती करकरली आणि निखळून खाली पडली. वर आमचा पत्रा होता, गंजाचे दोन डाग असलेला. गृहस्थानं बायकोला हाक मारली. ती आली, तिनं बराच वेळ वर बघितलं आणि मग भिंतीला धरून खाली फरशीवर बसली.

गृहस्थ मात्र माझ्याकडं बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता, पण मला तो राग असता तर बरं वाटलं असतं.

"बाई, तुमी शिकवणारी माणसं," तो म्हणाला. "हे लपवलं कशाला? आन् अजून काय काय लपवलंय?"

चौतीस वर्षांत एकाही साहेबानं मला असं विचारलं नव्हतं. ड्रम आठवले, पेला आठवला. पण तोंडातून भलतंच निघालं.

"आमचे हे," मी म्हणाले. "स्टँडवर बसलेत. त्यांना डायलिसिस चालू आहे. तुम्हाला दिसू नयेत म्हणून बसवलंय."

एवढं बोलून मी रडले. मला कुणासमोर रडायची सवय नाही, त्यामुळं ते नीट जमलंही नाही.

गृहस्थानं खिशात हात घातला. मग म्हणाला, "आजार घराला व्हत न्हाय बाई, माणसाला व्हतोय." हेच वाक्य मी वर्गात वेगवेगळ्या शब्दांत आयुष्यभर सांगितलं होतं. त्यानं ते मला सांगितलं आणि मोटारसायकलची किल्ली काढली. "कसे दिसत्यात साहेब? पांढरा शर्ट?"

"पूर्ण बाह्यांचा," मी म्हणाले.

पुढं व्यवहार झाला. दिवाळीच्या आधी इसार झाला, महिन्याभरात रजिस्ट्री झाली. ह्यांनी जपून ठेवलेले कागद इतके चोख होते की तिथल्या कारकुनानं दोनदा उलटून बघितले. सिलिंग त्या गृहस्थानं काढून टाकलं. आता आम्ही लातूरला राहतो, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर, आणि आठवड्यातून तीनदा जातो. हे परवा दवाखान्यातून येताना वाटेत पेरू घ्यायला थांबले होते. पेरूत पोटॅशियम असतं, ते ह्यांना चालत नाही, म्हणून मी ते परत करायला लावले. सगळं ठीक चाललंय.

मला सारखी आठवते ती वेगळी गोष्ट आहे. मोटारसायकल फाटकाशी थांबली, हे मागं त्या गृहस्थाच्या खांद्याला धरून बसलेले. सावकाश उतरले. अंगण ओलांडून दारापर्यंत आले आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. आत परकी बाई बसलेली त्यांना दिसली, मी झाडू घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आत येऊ का?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी हातातला झाडू खाली ठेवला. फरशीवर बसलेली ती बाईच पदर सावरत म्हणाली, "या की भाऊ, घर तुमचंच हाय."

ते मी म्हणायला पाहिजे होतं.