मोटर, मटर आणि आमची वेबसाईट

चार माणसांनी मिळून एखादं फुकटचं काम काढलं की पैसे मिळत नाहीत, पण सांगायला इतकं साचतं की चहाच्या टपरीवरून उठवत नाही. आमचं काम म्हणजे एक पेटी. विहिरीवरची मोटर घरबसल्या फोनवरून चालू-बंद करणारी. तिचं डिझाईन आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्स: कुणीही घ्या, स्वतः बनवा, बदला. पेटी बनली वर्षभरात. पण तिची वेबसाईट! काय काय पाहावं लागलं त्या वेबसाईटपायी!

*

सुरुवात गजाननपासून. धामणगाव बढ्याला त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, पेटी मूळ त्याची. त्याच्यासाठी वडनेर भोलजीला मुलगी पाहायला गेलो. मित्र म्हणून मीही सोबत.

मुलीचे वडील म्हणाले, "बाकी काय करता?"

गजानन ऐटीत म्हणाला, "वेबसाईट हाय आपली. पाहा नं फोनवर!"

त्यांनी पाहिली. फोनमधून नाणी पडल्याचा खळखळ आवाज आला. स्क्रीनवर पत्ते, आणि पत्ते वाटणारी एक बाई, तोकड्या कपड्यांतली. 'आजच खेळा, लाखो जिंका!'

माझ्या हातातली बशी कलंडली. वडिलांनी फोन पालथा ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबू, हा धंदा घरच्यायले माहीत हाय काय?"

गजाननचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात मुलगी, पल्लवी, आतून आली. बीएस्सी कॉम्प्युटर झालेली. तिनं फोन उचलला, दोन मिनिटं पाहिला.

"बाबा, साईट हॅक झाली हाय या लोकायची." मग सरळ गजाननकडं पाहून, "पासवर्ड काय होता?"

"गजानन वन टू थ्री."

पल्लवीनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "लग्नाले माझा हो हाय. पण पासवर्ड मी ठेवीन."

अख्खी बैठक आ वासून बसली!

*

लग्नानंतर पल्लवी आमच्या ग्रुपमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी तिनं जुनी वेबसाईट बंद केली.

"आता स्टॅटिक साईट," ती म्हणाली. "मजकूर साध्या फाईलींमध्ये लिहायचा. जनरेटर नावाचं साधन त्यातून तयार पानं बनवून देते. मग ती पानं नुसती ठेवून द्यायची. आत लॉगिन नाही, डेटाबेस नाही. चोर शिरन कुठून?"

गजाननचे वडील खाटेवरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे आतापावतर दार उघडं होतं?"

"हाव मामाजी."

"अन् हा गडी मले रोज रातच्याले फाटक लावलं का म्हून इचारते!"

*

जनरेटर निवडायची वेळ आली तेव्हा मी पुढं झालो. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्यामुळं थोडी मिजास होतीच. सध्या सगळं जग जो वापरतं तो सुचवला. नांदुऱ्याला सुनंदाताईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसलो होतो. वेबसाईटचं बहुतेक मराठी लिखाण ताईंचं. मी त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट घेतलं आणि एक कमांड दिली.

उतरायला लागलं. उतरतच राहिलं. छोट्या छोट्या पॅकेजांची नावं सरसर वर जाताहेत, थांबायचं नावच नाही! ताईंच्या फोनवर मेसेज आला, आजचा डेटा संपला.

गजानन माझ्या खांद्यावरून पाहत होता. "अबे, एक पान दाखवाले एवढं सामान? कोनाचं लगन हाय?"

मग त्याच्या फोनचा डेटा, मग माझा. शेवटी स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली: यशस्वी! उघडून पाहिलं तर पान कोरं.

मी पुढचा महिनाभर सल्ला दिला नाही.

*

दुसरा जनरेटर पल्लवीनं आणला. एकच फाईल, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पानं तयार. आम्ही खूश. ताईंनी 'पाणी सोडा' या पानाची लिंक शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

थोड्या वेळात ताईंचा फोन वाजला. पलीकडं एक काका, आवाज टिपेला. "मास्तरीनबाई, मी तुमचं काय घोडं मारलं? पानी नाही सोडलं तं सड म्हनता काय मले?"

ताई हबकल्या. "काका, असं कोण म्हणालं?"

"लिहेल हाय की इथं वर!"

आम्ही पान उघडलं. जनरेटर शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवत होता, आणि बनवताना त्यानं मराठीचे सगळे काने, मात्रे, वेलांट्या गाळून टाकल्या होत्या. 'पाणी सोडा'चं झालं होतं 'पण-सड'.

पुढचं पान उघडलं. 'मोटर चालू करा.'

'मटर-चल-कर'!

*

पल्लवीनं जनरेटर बनवणाऱ्याला लिहिलं. तो कुठल्या तरी थंड देशातला, स्वभावानं चांगला. त्याचं उत्तर आलं: 'अक्षरं तर सगळी दिसताहेत. वरची-खालची चिन्हं सजावटीची असतात ना?'

सजावटीची! सुनंदाताई ताडकन उभ्या राहिल्या. वीस वर्षं मराठी टायपिंग शिकवलेली बाई. मला वाटलं, आता आंतरराष्ट्रीय भांडण होतं.

ताई बसल्या आणि अतिशय नम्र इंग्रजीत उत्तर लिहिलं. फक्त त्या पत्रातल्या प्रत्येक शब्दातले स्वर काढून टाकले. त्याच्या नावातलेसुद्धा. खाली एक ओळ पूर्ण लिहिली: 'सजावट काढली आहे, राग नसावा.'

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. सोबत माफी. आम्ही तोच जनरेटर पक्का केला.

*

साईट सुरू झाली. प्रत्येक पानाखाली बटण होतं: 'चूक दिसली? कळवा.' बरेच दिवस कुणी काही कळवलं नाही. मग एक ओळ आली, सोनाळ्याकडच्या एका सुधाकरभाऊंची.

'मेन स्विच बंद करा हे सगळ्यात वर घ्या. डाव्या हाताले पट्टी हाय, उजव्यानं टाईप करून राह्यलो.'

पल्लवीनं पेटी जोडायचं पान उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. प्रत्येक पायरीची आम्ही वेगळी फाईल केली होती. आधी मेन स्विच बंद करा, मग खोका उघडा, मग तारा सोडवा. क्रम सांगायचा राहिला होता, म्हणून जनरेटरनं पायऱ्या बाराखडीप्रमाणं लावल्या होत्या. ख, त, म. खोका उघडा. तारा सोडवा. मेन स्विच बंद करा.

ते पान लिहिलं गजानननं, तपासलं मी. पल्लवीनं आधी पान काढून टाकलं, मग क्रम लावला, मग पुन्हा चढवलं. ओळीखाली सुधाकरभाऊंचा नंबर होता, तो मी लावला. स्पीकरवर टाकला.

"सुधाकरभाऊ, मी गजानन. पेटीवाला." एवढं बोलून तो रडायलाच लागला.

"अरे काऊन रडता भाऊ? मांगं फेकल्या गेलो, ढेकळायत पडलो. हात भाजला थोडा. डॉक्टर म्हने बरा होते."

"चूक आमची हाय. पूर्णच आमची. दवाखान्याचा खर्च मी देतो, उद्या येतो तिकडं."

"या नं, जेवालेच या. पन वेबसाईट बदलू नका बरं. लय चांगली हाय."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गजानननं डोळे पुसत विचारलं, "चांगली?"

"हाव मंग! तुमची जुनी होती नं, ते उघडेपावतर मोटरची लाईन चालली जाये. हे पटकन उघडली, लाईन होती तवाच!"