अक्काच्या स्पीकरला चार्जर

माझ्या थोरल्या बहिणीनं उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली. तिचा आवाज म्हणजे त्या शाळेची दुसरी घंटा होती. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि घंटेची कुजबुज झाली. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला मनाई केली. पण दर रविवारी सकाळी विहारात गल्लीतल्या बायकांना पुस्तक वाचून दाखवायचं, हा अक्काचा निवृत्तीनंतरचा नेम. तो मोडू नये म्हणून माईक आणि बॅटरीवर चालणारी स्पीकरची एक जुनी पेटी मिळवली. पहिल्याच रविवारी गोष्ट रंगात आली असताना पेटी गप्प झाली.

घरी येताना अक्का म्हणाली, "पुढच्या रविवारी एकदा बघते. परत बंद पडली तर वाचन थांबवलं. बायका कामं टाकून येतात, माझे हलणारे ओठ बघायला नाही."

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पेटीची जबाबदारी माझी, असं छातीवर हात ठेवून जाहीर करून टाकलं. नवी बॅटरी आणली: काळी, विटेएवढी आणि विटेहून जड. जुना चार्जर जळून गेला होता. म्हणजे आता फक्त चार्जर निवडायचा होता. फक्त!

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं. पाण्याच्या दिवशी सोलापूरचा माणूस वेगळाच असतो. पाच दिवसांनी आलेला नळ कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे टाकी, पिंपं, घागरी, पातेली सगळं भरायचं. मी एकदा पाहुण्यांचा थर्मासही भरून ठेवला होता. मोटर जेवढी दांडगी, तेवढा जिवाला आराम. त्याच झपाट्यात, भिजल्या पायजम्यानिशी मी नवी पेठेतल्या दुकानात शिरलो.

दुकानदारानं काउंटरवर दोन चार्जर मांडले. एक साबणाच्या वडीएवढा. दुसरा लोखंडी, वर मूठ, पुढं काट्याची तबकडी आणि सुसरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे. कशासाठी हवाय, असं त्यानं विचारलं. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी, मी रुबाबात सांगितलं. बॅटरी घरीच होती, आणि ती केवढी आहे हे सांगायचं मला सुचलं नाही. मोठा जीप-ट्रॅक्टरचा असतो, असं तो म्हणाला, तर मी मिशीवरून हात फिरवत म्हणालो, असू द्या, लवकर भरेल. माझ्याकडे जीप असावी असं त्याला वाटलं. मिशीचा दोष. माझ्याकडे स्कूटर आहे.

घरी येऊन चिमटे लावले आणि बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलं. काट्यानं उडी मारली. पडदा उघडल्यासारखे हात पसरून मी अक्काला बोलावलं. वीसेक मिनिटांनी तिनं बॅटरीवर हात ठेवला आणि कुजबुजली, "अरे बाबा, ही तापलीय."

तापली कसली, तवा झाला होता. मी झटक्यात बटण बंद केलं, चिमटे काढले, टेबलफॅन आणून बॅटरीला वारा घातला. अक्कानं पुस्तकातली खूण काढली आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. त्यापेक्षा तिनं छडी काढली असती तर बरं झालं असतं.

बॅटरी जरा निवल्यावर पिशवीत घालून पुन्हा दुकान गाठलं. दुकानदारानं तिच्या चारी बाजू बोटांनी चाचपल्या, मीटर लावला.

"फुगली न्हाय. वाचली." मग माझ्या पायजम्याकडे बघत त्यानं विचारलं, "साहेब, तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं?"

"पाचव्या. आजच आलंय."

"तरीच."

मग त्यानं बॅटरीवरचा आकडा दाखवला. सात अँपिअर-तास. असल्या बारक्या बॅटरीला एक अँपिअरच्या आतबाहेरचा चार्जर पुरे, आणि मी दहा सोडले होते. वर ती सीलबंद बॅटरी. आतलं पाणी तापून उडालं तर वरून घालायला बूचच नाही. छोटा चार्जर बॅटरी भरत आली की आपणहून हात आखडतो, लाल दिव्याचा हिरवा होतो.

"टाकी न्हाय ओ ही," तो म्हणाला. "हिचा नळ रोज हाय. सावकाश भरा की."

मोठा चार्जर त्यानं परत घेतला आणि साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. संध्याकाळी ती लावून मी मुकाट झोपलो.

सकाळी हिरवा दिवा होता. कपाटातलं पुस्तक मीच काढून अक्काच्या हातात दिलं. विहारात मी मागच्या भिंतीला टेकून पेटीकडे असा बघत होतो, जशी बाई उतू जाणाऱ्या दुधाकडे बघते. पेटी एकदाही अडखळली नाही. अक्कानं राहिलेली गोष्ट पुरी केली, दुसरीही वाचली, पुस्तक मिटलं आणि माईक ओठांजवळ नेला.

"एक सूचना," भिंतींपर्यंत खणखणीत आवाज गेला. "माझ्या भावाला पाण्याच्या दिवशी कुणी बाजारात पाठवू नये."

सगळा विहार माझ्याकडे वळून हसला. मी कमरेत वाकून नमस्कार केला. सगळ्यात मागच्या बाईलाही ते ऐकू गेलं होतं.