मुलगा मॅरेथॉन धावत होता

मुलगा आयटीतल्या नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहत होते. एका सकाळी टीव्ही लावला, तर तिकडे तो धावणार होता त्याच मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपाशी अतिरेक्यांनी बॉम्ब फोडल्याची बातमी. त्याचा फोन लागेना.

थोड्याच वेळात इमारतभर कळलं. पार्किंगवरून माझ्याशी अबोला धरलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. "अहो, तेच तेच दाखवतायत," म्हणत त्यांनी टीव्ही बंद केला. कोणी पोहे आणले. एक गृहस्थ जगाचं आता काय होणार, हे सगळ्यांना समजावत राहिले. घर इतकं भरलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपारी त्याचा फोन आला. "आई, मी बराच मागे होतो. मला काही झालं नाही."

मी हे सांगताच टाळ्या वाजल्या. "चला, जीव भांड्यात पडला!" म्हणत सगळे कामाला गेले. खालच्या बाईही उठल्या.

बोलता बोलता तो रडला होता, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. मी बराच वेळ दार उघडंच ठेवलं.