लागला की लागलं

मनोहर पेडणेकरांनी पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभी हयात घालवली. चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा, मग ती लग्नपत्रिकेत असो की समोरच्याच्या तोंडात. निवृत्त होऊन ते सिंगापूरला मुलाकडे, शैलेंद्रकडे राहायला आले. बुओना व्हिस्टा भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना तपासायला एकच मजकूर उरला, आठ वर्षांची नात अवनी.

"आजोबा, माझा पुस्तक कुठे?"

"माझा नव्हे, माझं."

"मी जेवला."

"जेवले म्हण!"

सूनबाई नीताही त्यांचीच री ओढायची. अवनीने तोंड उघडायची खोटी, दुरुस्ती ठरलेलीच. शेवटी पोरीने मराठीच सोडली. "कॅनॉट लाह, आजोबा. टू डिफिकल्ट," म्हणायची आणि खोलीत पळायची. तिचं ते भरधाव सिंगापुरी इंग्रजी आजोबांच्या डोक्यावरून जायचं. नात घरात असून तिच्याशी बोलायची चोरी! आपणच हे करून ठेवलं, हे म्हाताऱ्याला उशिरा उमगलं आणि आतून खात राहिलं.

२०१५च्या जूनमध्ये अवनीला शाळेची सुट्टी होती. हार्बरफ्रंटच्या जहाज कंपनीत असलेल्या शैलेंद्रला कामासाठी युगांडाला जायचं होतं, तर त्याने सगळ्यांनाच बरोबर घेतलं. काम उरकलं की व्हिक्टोरिया सरोवरावर मासे पकडायचे, असा बेत होता. मनोहरराव खुलले. लहानपणी मालवणकडच्या खाडीत त्यांनी गरी टाकून पुष्कळ मासे काढले होते. पण मनात खरी आशा वेगळीच होती. होडीत बसून पोरगी आपल्याशी, आपणहून, एक तरी मराठी वाक्य बोलेल. तिची एकही चूक काढायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हा निश्चय विमानात बसेपर्यंत टिकला.

सरोवर कसलं, समुद्रच तो. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. होडीवाल्या ओकेलोने आजोबांना जाडजूड काठी दिली, अवनीला बारकी. गरीला आमिष लावून देता देता आजोबा म्हणाले, "मासा ओढायला लागला की ओरडायचं, 'लागला!' कळलं?" अवनीने नुसती मान हलवली.

बराच वेळ काही घडलं नाही. मग एकाएकी आजोबांची काठी कमानीसारखी वाकली. ओकेलो आनंदाने ओरडला, "पर्च! बिग वन!" शैलेंद्रने फोटोसाठी फोन काढला. मनोहररावांनी पाय रोवले. असला मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

एवढ्यात मागून किंकाळी आली, "आजोबा! लागलं! लागलं!"

त्यांना वाटलं, गरी घुसली पोरीच्या हातात! त्यांनी काठी सोडून दिली. मासा काठीसकट पाण्यात गेला, आणि आजोबा धडपडत अवनीपाशी पोचले. "कुठे लागलं? दाखव, रक्त येतंय का?"

अवनी गोंधळली. "हिअर लाह! फिश!" तिच्या गरीला वीतभर तिलापिया तडफडत होता.

ओकेलोने कपाळावर हात मारला. शैलेंद्र हसून हसून खाली बसला. आयुष्यभर लोकांच्या चुका पकडणारा माणूस, आणि नेमकी ही चूक त्याने खरी धरली. नीताने लेकीला समजावलं, "मासा 'लागला', बाळा. 'लागलं' म्हणजे हर्ट झालं. आजोबांना वाटलं, तुला हर्ट झालं."

आजोबा काठी गेली त्या पाण्याकडे बघत राहिले. काठी सोडताना दोरीने तळवा चांगलाच कापला होता, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते दिसलं अवनीला. मासा तसाच टाकून ती त्यांच्याजवळ सरकली.

"आजोबा, तुला लागलं?"

"तुला नाही गं, तुम्हा..." नीताने सुरुवात केली, पण मनोहररावांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं.

"असू दे," ते म्हणाले. "मला विचारतेय ती." आणि तळवा नातीपुढे धरून म्हणाले, "हो गं, लागलंय. हे बघ."